लिचफील्डमध्ये फोर-व्हील ड्राइव्हने धबधबे बघत कॅम्पिंग करायचंय; कधी जावं आणि पोहावं कुठे?

मे ते ऑक्टोबर या कोरड्या मोसमात जा. ऑस्ट्रेलियाचं हे राष्ट्रीय उद्यान डार्विनपासून साधारण 100 किमीवर आहे. फ्लोरेन्स फॉल्स, ब्युली रॉकहोल आणि वांगी फॉल्सला डांबरी रस्त्याने साधी गाडीही जाते. फोर-व्हील ड्राइव्ह खरी लागते ती रेनॉल्ड्स रिव्हर ट्रॅकवर, जायनेरा फॉल्ससाठी. तिथे कॅम्पिंगच्या तळापासून पाऊण तासाच्या आत पायी पोचता येतं, आणि गर्दी वांगीच्या मानाने फारच कमी. माझं मत विचाराल तर एक मुक्काम तिथेच करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओढा ओलांडण्याआधी पाण्यात उतरून खोली बघावी, असं एरवी सांगतात. इथे ते मुळीच करू नका. पावसाळ्याच्या पुरासोबत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आत शिरतात, आणि रेनॉल्ड्स नदीत त्या असतात. काठावरची खोलीची पट्टी वाचा, दुसरी गाडी कशी जाते ते बघा. शंका वाटली तर सरळ मागे फिरा. जायचंच ठरलं, तर लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकून एकाच संथ वेगाने जा, मध्ये गिअर बदलू नका.

पोहण्याचंही तसंच. रेंजर पाहणी करून डोह खुले करतात, वांगी तर अधूनमधून बंदच असतो. त्या दिवशीचा फलक वाचल्याशिवाय पाय बुडवू नका, मग पाणी कितीही नितळ दिसो. ब्युलीच्या दगडी कुंडांत मुलं सोबत असली तर सकाळी लवकर जा, जागा मिळते.