बोलताना चिनी वाक्यातले शब्द मागेपुढे होतात, क्रम तोंडात कसा बसवावा?

तीन महिने झाले, दीड-दोनशे शब्द येतात, लिहिताना वाक्य जमतं, पण समोर माणूस आला की क्रम विस्कटतो, असं तुम्ही विचारलंय. आपल्याकडे चिनी बहुतेकदा इंग्रजी पुस्तकांतून शिकली जाते, त्यामुळे घाईत मनात आधी इंग्रजी वाक्य जुळतं. ते सोडा आणि मराठीतून निघा. क्रमाच्या बाबतीत मराठी चिनीला बऱ्याच ठिकाणी जास्त जवळची आहे. (उच्चार देवनागरीत दिलेत, सूर दाखवलेले नाहीत.)

'मी उद्या घरी जेवणार' : वो मिंगथ्येन त्साय च्या छ्र-फान. मी, उद्या, घरी, जेवण. वेळ आणि जागा क्रियापदाच्या आधी, अगदी आपल्यासारखी. इंग्रजी वळणाने 'उद्या' शेवटी टाकलं की वाक्य मोडतं. 'तो माझ्यापेक्षा उंच' : था पी वो काओ. इथे फक्त 'पेक्षा' म्हणजे 'पी' हा 'वो'च्या (मी) आधी येतो. 'काल आलेला माणूस' : त्सुओथ्येन लाय त रन. इथला 'त' आपल्या 'लेला'चं काम करतो. आणि 'तू येतोस का?' म्हणजे नी लाय मा? आपला 'का' जिथे, त्यांचा 'मा' तिथेच.

मराठी दगा देते ती मुख्यतः तीन ठिकाणी.

कर्म क्रियापदानंतर येतं: वो ह छा, मी पितो चहा. 'वो छा ह' म्हणून भागत नाही.

नकार क्रियापदाच्या आधी येतो. 'मी जात नाही' हे 'वो पू छ्यु', आणि झालेल्या गोष्टीसाठी 'पू'च्या जागी 'मेइ'. गंमत अशी की 'वो छा पू ह' हे वाक्य चालतं, पण त्याचा रोख वेगळा आहे: चहा नको, दुसरं काही चालेल. साधा नकार द्यायचा असेल तर 'वो पू ह छा'च म्हणा.

तिसरं सगळ्यांत चिवट. 'केव्हा' क्रियापदाच्या आधी, पण 'किती वेळ' नंतर. तीन वाजता (सान त्येन) आधी येईल. 'तीन महिने शिकलो' मात्र 'वो श्युए-ल सान क युए'. चिनी शिकलो म्हणायचं असेल तर 'चोंगवन' त्याच्याही नंतर: वो श्युए-ल सान क युए चोंगवन.

आता संभाषण. चिनीत प्रश्नार्थक शब्द उत्तराच्या जागेवरच बसतो, म्हणजे प्रश्नातच तुमच्या उत्तराचा साचा असतो. 'नी मिंगथ्येन त्साय नार छ्र-फान?' ऐकलंत, तर 'नी' काढून 'वो' घाला, 'नार' (कुठे) काढून 'च्या' (घर) घाला, बाकी जसंच्या तसं. विचार करायला वेळच लागत नाही. रोज दहा मिनिटं, पाच-सहा क्रियापदं, जोडीदाराने प्रश्न विचारायचा आणि तुम्ही पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. 'हो', 'घरी' असं एका शब्दात सुटू नका. व्यवहारात ते चालतं, पण त्याने क्रम बसत नाही. मग भूमिका बदला. जोडीदाराने चूक दुरुस्त करून वाक्य म्हटलं, तर नुसती मान हलवू नका, लगेच तेच वाक्य स्वतः पूर्ण म्हणा. नुसत्या ऐकलेल्या दुरुस्तीकडे बोलण्याच्या ओघात बहुतेकदा लक्षही जात नाही.

आठवड्यातून एकदा दोन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून कागदावर उतरवा आणि एकाच प्रकारची चूक शोधा, समजा फक्त नकाराची. सगळं एकदम सुधारायला गेलात तर बोलणंच अडतं. मानफ्रेड पिनेमान या भाषाशास्त्रज्ञाने १९९८ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार शिकणारा वाक्यरचनेच्या पायऱ्या ठरलेल्या क्रमानेच चढतो, मधली पायरी गाळता येत नाही. म्हणून आधी कर्ता-क्रियापद-कर्म, मग त्यात वेळ आणि जागा, आणि कर्म क्रियापदाच्या आधी आणणं त्यानंतर.

'पा' ची रचना याच कारणासाठी थोडी लांबवा. 'पा षू फांग त्साय च्वोत्स षांग' (पुस्तक टेबलावर ठेव) यात कर्म क्रियापदाआधी येतं, म्हणून मराठी माणसाला ती फार सोयीची वाटते आणि तो सगळीकडे 'पा' लावत सुटतो. तिला ठरावीक, दोघांना माहीत असलेली वस्तू लागते, आणि क्रियापदानंतर त्या वस्तूचं पुढे काय झालं तेही सांगावं लागतं. नुसतं 'पा षू खान' (पुस्तक वाच) म्हटलंत तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहील.