होडीतला दगड तळ्यात टाकला तर पाण्याची पातळी वाढेल की कमी होईल?

पातळी किंचित कमी होईल. आर्किमिडीजचं तत्त्व (वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला वर लावतं) इथे दोनदा लावायचं असतं: दगड होडीत असताना त्याच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारलं जातं, बुडाल्यावर मात्र फक्त त्याच्या आकारमानाइतकं. बहुतेकांची गल्लत इथेच होते, म्हणून आकडे घालून बघा. दगड ५ किलोचा, घनता पाण्याच्या अडीचपट धरा. होडीत असताना ५ लिटर पाणी सरतं, तळाशी गेल्यावर २ लिटर. फरक ३ लिटरचा. दगडाऐवजी तरंगणारा ओंडका टाकलात तर मात्र पातळी जराही बदलणार नाही. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत छोटी वाटी तरंगवा, तिच्यात लोखंडी नट-बोल्ट ठेवा आणि पाण्याच्या रेघेवर पेनाने खूण करा. नट-बोल्ट पाण्यात सोडले की पाणी खुणेखाली उतरलेलं दिसतं.