वृद्धांची घरं नव्यानं करताना: पाणी, घंटा आणि वीज

प्रश्न: जुन्या इमारतीचे दोन मजले घेऊन वृद्धांसाठी देखभालीची सोय असलेले फ्लॅट करतोय. गरम पाण्याची सामाईक टाकी ४५ अंशांवर ठेवली तर कुणी भाजणार नाही आणि वीजही वाचेल, असं प्लंबरचं म्हणणं आहे.

उत्तर: कृपा करून तसं करू नका. साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लेजिओनेला हे जिवाणू फोफावतात. शॉवरच्या तुषारांबरोबर ते फुप्फुसात गेले की न्यूमोनिया होऊ शकतो, आणि आधीच थकलेल्या शरीराला तो सोसत नाही. टाकीत पाणी ६० अंशांवरच हवं आणि लाइनमधून फिरून परत येतानाही ते ५०च्या खाली जाऊ नये. भाजण्याची भीती खरीच आहे. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी खोलवर जाळतं. पण त्याचा बंदोबस्त टाकीपाशी नाही, नळापाशी करायचा. प्रत्येक शॉवर आणि बेसिनच्या अगदी जवळ थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार पाणी मिसळून ठरलेलं तापमान राखणारा) बसवा आणि तो ४१ अंशांच्या वर जाणार नाही असा लावून घ्या. बसवल्यावर गार पाण्याचा कॉक बंद करून पाहा: गरम पाणीही लगेच थांबलं पाहिजे. थांबलं नाही, तर काम ताब्यात घेऊ नका. व्हॉल्व्ह टाइल्सच्या मागे कायमचा गाडू नका, तो वेळोवेळी उघडून साफ करावा लागतो.

जुन्या इमारतीत आणखी एक धोका असतो. बंद केलेल्या बाथरूमची लाइन भिंतीत तशीच राहते आणि तिच्यात पाणी साचून राहतं. टोकाला बूच मारून भागणार नाही. ती मुख्य लाइनपासूनच कापा. फ्लॅट रिकामा असेल तर आठवड्यातून एकदा सगळे नळ सोडा.

प्रश्न: बाथरूमला उंबरठा नको आहे, पण स्लॅब खाली घेतलेला नाही.

उत्तर: खालचा मजलाही तुमचाच आहे, तेव्हा ट्रॅप (पाणी धरून ठेवून गटाराचा वास अडवणारा भाग) स्लॅबखाली, त्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये घ्या. भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची संमती घ्या आणि पाइपभोवती आगीत फुगून भोक बुजवणारी कॉलर बसवा. फरशीला मीटरमागे १५ ते २० मिलीमीटर उतार पुरे. जास्त दिला तर वॉकर घेऊन चालणाऱ्याचा तोल जातो. जागा वाचवायला उथळ ट्रॅप गळ्यात मारतील, तो नको. आतलं पाणी सुकतं आणि खोलीभर वास सुटतो.

प्रश्न: पलंगाशेजारी कॉल बेलचं बटण दिलंय. तेवढं पुरेल ना?

उत्तर: पडलेल्या माणसाचा हात पलंगापर्यंत पोचत नाही. कमोड आणि शॉवरपाशी लाल दोरी हवी, तिचं खालचं टोक फरशीपासून सुमारे १०० मिलीमीटरवर. ही दोरी पोछा मारताना आड येते म्हणून कुणीतरी ती गुंडाळून दांडीला बांधून ठेवतं आणि मग तशीच राहते. रोजच्या फेरीत आधी तिच्याकडे पाहायला कर्मचाऱ्यांना सांगा. घंटा बंद करण्याचं बटण त्याच खोलीत असू द्या, कर्मचाऱ्यांच्या टेबलापाशी बसून ती कुणाला बंद करता येता कामा नये.

पडणं टाळायचं तर पलंगापासून संडासापर्यंत पायाशी मंद पिवळसर दिवा लावा, पाय खाली टेकताच लागेल असा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून दिवसा दिवे भरपूर हवेत, पण डोळ्यांवर येणारा उघडा बल्ब कुठेही नको.

प्रश्न: वीज गेल्यावर काय काय चालू राहायला हवं?

उत्तर: ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, हवेच्या गादीचा पंप, कॉल बेल, रात्रीचे दिवे आणि लिफ्ट. जनरेटर सुरू होईपर्यंतचे सेकंद बॅटरीनं भरून काढा. कॉन्सन्ट्रेटरच्या सॉकेटला स्वतंत्र सर्किट द्या आणि विजेची गळती ओळखणारा ब्रेकर प्रत्येक सर्किटला वेगळा ठेवा. नाहीतर ओल्या गीझरपायी ऑक्सिजन बंद पडेल.