बांधावर जास्त जाती, मग देवराई कशाला?

प्रश्न : माझी मुलगी बीएस्सीला आहे. प्रकल्पासाठी तिनं श्रावणात गावची देवराई, आमची काजूची बाग आणि भातशेतीचा बांध अशा तिन्ही ठिकाणी एकेक चौकोन आखून वनस्पती मोजल्या. सगळ्यात जास्त जाती बांधावर भरल्या. आता भावकीतले म्हणतात, मग राई तोडून काजू लावला तर बिघडलं कुठे? तिची मोजणी चुकली का?
– एक वाचक, दोडामार्ग तालुका

उत्तर : मोजणी चुकलेली नाही. मी तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, मुलांना घेऊन दर पावसाळ्यात असे चौकोन आखले, आणि बांध पुढे गेलेला मीही पाहिलाय. बांधावर ऊन भरपूर, माती दरवर्षी हललेली. टाकळा, कुर्डू, एकदांडी, ओसाडी तिथे माजणारच. राईत खाली ऊनच पोचत नाही.

पण मुलीला सांगा, प्रत्येक नावापुढे ‘हे आणखी कुठे भेटतं?’ असं लिही. एकदांडी, ओसाडी, रानमोडी या मूळच्या अमेरिकेतल्या; आज कुठल्याही रस्त्याकडेला दिसतात. राईतला चांदकुडा किंवा हातभर शेंगांची गारंबी बांधावर दाखवा बरं! तुमच्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याला राईच्या आश्रयानं रानजायफळाची दलदल टिकली आहे. चिखलातून गुडघ्यासारखी वर वाकलेली त्याची मुळं एकदा बघून या. हे झाड पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाही. ते तोडून काजू लावला तर नुकसान ‘एक जात कमी’ एवढंच कसं म्हणायचं?

दुसरं, एका चौकोनावर निकाल देऊ नये. मोठ्या झाडांना 10 × 10 मीटर, झुडपांना 5 × 5, गवत-रोपट्यांना 1 × 1, आणि तिन्ही जागी सारखेच चौकोन. नव्या जाती सापडणं जवळपास थांबेपर्यंत मोजत राहायचं. मार्गशीर्षात आणि चैत्रात पुन्हा जायचं. बांधावरची निम्मीअधिक यादी तेव्हा वाळून गेलेली असेल.

काजूच्या बागेचं गणित वेगळं. समजा 100 झाडं, 10 जाती. प्रत्येकीची दहा-दहा असतील तर शॅननचा निर्देशांक (जाती किती आणि त्यांची झाडं किती समप्रमाणात, हे एका आकड्यात सांगणारं माप; आकडा मोठा तेवढी विविधता जास्त) 2.30 येतो. एकट्या काजूची 91 आणि बाकी नऊ जातींचं एकेक झाड, तर 0.50. जाती दोन्हीकडे दहाच! काजूवर माझा राग नाही, कोकणातली कितीतरी घरं त्यावर उभी आहेत. तो पडीक जमिनीत लावा. राईला हात लावू नका, हे मी हात जोडून सांगते.

आणि एक मोजायचं राहिलंय : राईतल्या मोठ्या झाडांची पिल्लं. पाचोळा हलकेच बाजूला करून बोटभर रोपं मोजा. झाडं म्हातारी आणि खाली एकही रोप नाही, असं दिसलं तर काळजीचं आहे; मला जरूर कळवा. आत जाण्याआधी मानकऱ्यांना विचारा. नमुन्याला गळलेलं पानच उचला.