सील दोनदा बदललं तरी तेल ठिपकतंच

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, डिझेल इंजिन आणि खाली तेलाचं थारोळं. त्यातली चार निवडलीत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय, कारण बाकीच्यांचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न: दादा, माझ्या सहा सिलिंडरच्या ट्रकला इंजिन आणि गेअरबॉक्सच्या जोडावरून तेल ठिपकतं. मिस्त्री म्हणाला मागचं क्रँक सील गेलंय. गेअरबॉक्स उतरवून सील टाकलं, महिन्यात परत तेच, परत उतरवलं, परत नवीन सील, आणि आता तिसऱ्यांदा उतरवू म्हणतायत. सीलच डुप्लिकेट येतंय का?

उत्तर: एकदा डुप्लिकेट निघालं असं मानू, पण दोन्ही वेळा? मला नाही पटत. तिसऱ्यांदा गेअरबॉक्स उतरवायच्या आधी जरा थांबा.

तेल ठिपकतं एकीकडे आणि निघतं भलतीकडून, हे पक्कं डोक्यात ठेवा. बहुतेक ट्रकांत इंजिन मागच्या अंगाला थोडं कललेलं असतं, त्यात पंख्याची हवा आणि गाडीचा वारा सगळं मागं ढकलतो, मग तेल टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघो, ऑइल कूलरच्या पॅकिंगमधून निघो, टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) पाइपातून नाहीतर एअर कॉम्प्रेसरच्या बुडातून, ते ब्लॉकवरून ओघळत फ्लायव्हील हाउसिंगवर, म्हणजे इंजिन-गेअरबॉक्सच्या जोडावरच्या कवचावर, येतं आणि तिथूनच टपकतं. खालून बघणाऱ्याला वाटतं मागचं सील गेलं. आणि हो, थेंब बोटावर घेऊन वास घ्या. गेअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तसा आला तर गळतंय ते गेअरबॉक्सचं इनपुट सील, क्रँकचं नाही.

तेव्हा आधी इंजिन धुवा. थंड असताना, डिग्रीझर लावून, आणि अल्टरनेटर, वायरिंगचे कनेक्टर, हवेचा इनटेक यांच्यावर प्रेशरचं पाणी न मारता. वाळलं की चालू करून दहा-पंधरा मिनिटं सोडा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या, जो सगळ्यात वरचा ओला ठिपका दिसेल तिथून शोध सुरू, त्याच्या खालचं सगळं सध्या विसरा. दिसत नसेल तर संशय आहे तिथं टाल्कम पावडर भुरभुरा, तेलाचा ओघळ पांढऱ्यावर लगेच काळा उमटतो. त्याहून बारीक गळतीला इंजिन ऑइलमध्ये टाकायचा चमकणारा रंग मिळतो, तो टाकून गाडी थोडी फिरवायची आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चनं बघायचं. एवढं करायला फार तर एक दिवस जातो, गेअरबॉक्स उतरवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आता समजा खरंच मागूनच निघतंय. तरी सील बिचारं मार खाणारं असू शकतं, मारणारा दुसराच. पिस्टन रिंगांच्या बाजूनं थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत) येतोच, तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून, बाहेर पडायला हवा. ब्रीदर चोंदला किंवा त्याचा पाइप दुमडला की आत दाब साठतो आणि दाब आपली वाट शोधतो, जिथं कमजोर जागा तिथून तेल बाहेर ढकलतो. नवीन सील टाका, तो तिथूनही काढेल नाहीतर पुढच्या सीलमधून काढेल. म्हणून ब्रीदर आधी साफ करा. मग गरम इंजिन आयडलवर असताना तेल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं नुसतं ठेवा. थोडं थरथरलं तर चालतं, पण उडून पडत असेल आणि धूर फुसफुसत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे रिंगांच्या बाजूनं गॅस जास्तच खाली येतोय. (काही इंजिनांत तिथून तेल उडतं, तोंड लांब ठेवा.) पक्कं मोजायचं तर मॅनोमीटर लावून क्रँककेसचा दाब बघतात आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडतात. रिंगा-लाइनर झिजलेत असं निघालं तर सीलांवर पैसे घालू नका, इंजिनाचंच काम काढावं लागणार.

ब्रीदर ठीक, दाब ठीक आणि तरी मागूनच, तर मग उतरवा, पण या वेळी क्रँकवर जिथं सीलचा ओठ घासतो तिथं नखं फिरवा. नख अडकलं म्हणजे खाच पडलीय आणि तिथं कुठलंच साधं सील टिकणार नाही, बारीक स्टीलची वेअर स्लीव्ह चढवून त्या मापाचं सील लावा. डायल गेज लावून क्रँकचा पुढंमागं खेळ पण तपासा. हा खेळ रोखणारे थ्रस्ट वॉशर झिजले असतील तर शाफ्ट सारखा सरकत राहतो आणि सील झिजतं. अजून एक, बरेच जण इथंच चुकतात: टेफ्लॉनच्या ओठाचं सील कोरडंच बसवायचं असतं, सवयीनं त्याला तेल चोपडलं की ते गळायलाच लागतं. रबराच्या सीलला हलकं तेल चालतं. पुडक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, मग हात लावा.

प्रश्न: टर्बोच्या हवेच्या पाइपात तेल दिसलं, म्हणून टर्बो बदलायला सांगितलंय. बदलू का?

उत्तर: लगेच नको. ब्रीदर इनटेकला जोडलेला असेल तर आत तेलाचा पातळ थर असणारच. टर्बोला तेल दाबानं येतं आणि परत जातं नुसतं वजनानं, त्यामुळं परतीचा पाइप दुमडला, कार्बननं बारीक झाला किंवा कोणी फ्लँजला सिलिकॉन थापून भोक अर्धं बुजवलं, की तेल टर्बोतच साठतं आणि दोन्ही बाजूंनी बाहेर येतं. एअर फिल्टर चोंदला तरी तेच, तो कॉम्प्रेसरच्या बाजूनं तेल ओढून घेतो. हे सगळं तपासून झालं आणि शाफ्टला खेळ निघाला, पाती घरावर घासल्याच्या खुणा निघाल्या, तरच टर्बोकडे बोट दाखवा. काहीही निघो, इंटरकूलरमध्ये (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीत) साठलेलं तेल काढल्याशिवाय इंजिन चालू करू नका. ते तेल एकदम आत ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्याच्यावरच सुसाट पळतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही.

प्रश्न: चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) पॅकिंगला दोन्हीकडून सिलिकॉन लावलं तर जास्त टिकेल ना?

उत्तर: उलट होतं. जास्तीचं सिलिकॉन आत दबतं, तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं, मग गळती थांबते पण बेअरिंग जातात. साच्यातल्या रबरी पॅकिंगला लावूच नका, फार तर टायमिंग कव्हरचा जोड येतो त्या कोपऱ्याला एक टिपका. जिथं पॅकिंगच नाही, नुसतं सिलिकॉनच आहे, तिथं दोन-तीन मिलिमीटरची एकसारखी रेघ पुरते, आणि पृष्ठभाग तेलाचा अंश राहणार नाही इतका पुसलेला हवा. पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट कोणी आवळून आवळून भोकांभोवतीचा पत्रा वर आणला असेल तर आधी तो सपाट ठोकून घ्या. बोल्ट मधून कडेला, टॉर्क पान्यानं. हवेवर बोल्ट आवळायची गन तिथं आणूच नका.

प्रश्न: माझं उलटंय. गळतंय पण गेजवर, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवर, तेल वाढतंय. चांगलं का?

उत्तर: अजिबात नाही, गाडी उभी करा. तेलाला डिझेलचा वास येत असेल आणि ते बोटावर पाण्यासारखं पातळ लागत असेल तर इंजेक्टर, हेडच्या आतला रिटर्न पाइप नाहीतर पंपाच्या शाफ्टचं सील, यातून डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं तेल सगळ्या सीलांतून सुटतं, म्हणूनच तुम्हाला गळती दिसतेय. दुधाळ रंग असेल तर पाणी शिरलंय, मग ऑइल कूलर आणि हेड पॅकिंग बघा. कारण सापडल्यावर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, आणि जुन्या फिल्टरची रबरी रिंग हाउसिंगलाच चिकटून राहिली नाही ना ते बघा, नाहीतर एका रिंगवर दुसरी बसेल आणि नवी गळती घेऊन परत मलाच पत्र लिहाल.