टिक-टिक येतेय म्हणजे बोर्ड अजून मेलेला नाही

ताई, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: स्विच लावला की सेकंदाला एक अशी बारीक टिक-टिक येते, पाती हलत नाहीत, रिमोटला दाद नाही. पंखा बीएलडीसी (कमी विजेत चालणारा, आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेला), तीन वर्षांचा, वॉरंटी संपलेली. मागच्या आठवड्यात वळीव झाला तेव्हा लाइट चार-पाचदा गेली-आली, आणि तेव्हापासून हे सुरू आहे. बघायला आलेल्या माणसाने झाकणही न उघडता "बोर्ड जळला, मोटरसकट बदला, एकोणीसशे" म्हणून सांगितलं. इतक्यात पैसे देऊ नका. खरंच जळलेला बोर्ड गप्प असतो. तुमचा बोलतोय.

टिक-टिक कशाची ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं शोधणं सोपं जाईल. साध्या पंख्यात घरचा एसी थेट वाइंडिंगला जातो. तुमच्या पंख्यात २३० व्होल्ट एसीचे ब्रिजनंतर (एसीचा डीसी करणारे डायोड) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, एक छोटी सप्लाय त्याचे बहुतेक मॉडेलांत २४ व्होल्ट करते, आणि त्यावर कंट्रोलर चिप सहा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, पाळीपाळीने चालू-बंद करून मोटरच्या तीन वायरींना वीज देतो. साधा पंखा जे काम ७५ वॅटमध्ये करतो ते हा तिसेक वॅटमध्ये उरकतो, ते या खटाटोपामुळे. आता, ही सप्लाय चालू व्हायला बघते, काहीतरी खटकतं, स्वतःला बंद करून घेते, पुन्हा प्रयत्न करते. ती टिक-टिक हीच. म्हणजे फ्यूजचं काम करणारा रेझिस्टर शाबूत, ब्रिज शाबूत. विजेच्या गडबडीत सगळ्यात आधी बळी जाणारी ती बटणासारखी चकती, जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा व्हॅरिस्टर, तीही शॉर्ट झालेली नाही. झाली असती तर फ्यूज उडून आवाजच आला नसता.

मग संशयित उरतात दोन. सप्लायच्या अंगचे छोटे कंडेन्सर सुकलेत, किंवा पुढे मॉसफेट शॉर्ट झालाय आणि सप्लायला तो भार ओढवत नाही. माझा पैसा पहिल्यावर. तुम्ही इंदिरानगरला वरच्या मजल्यावर राहता, एप्रिल-मेमध्ये स्लॅब रात्री दहालाही तापलेला असतो, आणि या कंडेन्सरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं. (नाशकात पंख्याशिवाय झोपायचो हे आता मुलांना सांगितलं तर हसतात.) वळवाने शेवटचा धक्का दिला असेल, पण दुखणं आधीचं असावं.

हात लावण्याआधी नुसता स्विच नव्हे, एमसीबी पाडा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर असलेला मी आमच्या सिडकोच्या घरातच पाहिलाय. पंखा उतरवताना खाली दुसरं माणूस हवंच. बोर्ड बहुतेकदा मोटरखालच्या झाकणात असतो, काही मॉडेलांत वरच्या वाटीत. वायरी काढण्याआधी फोटो घ्या. मोटरच्या तीनपैकी दोन वायरी अदलाबदल झाल्या तर पंखा उलटा फिरतो आणि मग तुम्ही भलताच दोष शोधत बसता.

बोर्डावरचा सगळ्यात मोठा, ४०० किंवा ४५० व्होल्ट लिहिलेला कंडेन्सर लाइट गेल्यावरही भरलेला राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करू नका. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर पक्कडीत धरून काही सेकंद त्याच्या दोन पायांवर लावा, मग मल्टिमीटरने शून्य आल्याची खात्री करा. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: २४ व्होल्टची बाजू म्हणजे सुरक्षित बाजू असं समजू नका. अनेक बोर्डांत दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या केलेल्या नसतात. लाइट चालू असेल तर अख्खा बोर्ड फेजवर आहे असंच धरून चाला.

आता मीटर ओहमवर ठेवून २४ व्होल्टच्या बाजूच्या कंडेन्सरच्या (बहुधा ३५ व्होल्ट लिहिलेला) दोन पायांवर लावा. किलोओहममध्ये आकडा आला तर पुढे शॉर्ट नाही. तो कंडेन्सर आणि सप्लायच्या आयसीजवळचा (चिपजवळचा) छोटा, १० किंवा २२ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा, दोन्ही बदला. डोकं फुगलेलं नसलं तरी बदला, सुकलेला कंडेन्सर दिसायला नवाकोरा असू शकतो. १०५ अंशाचेच मागा आणि पट्टीची बाजू, म्हणजे ऋण, नीट बघा. एमजी रोडला पार्टच्या दुकानात दोन्ही मिळून चहा-वड्याच्या पैशात येतात. बोर्डावर लाखेसारखा थर असतो, तो खरवडल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही.

आकडा शून्याजवळ आला तर मात्र मॉसफेट. मीटर डायोडवर ठेवून एकेक तपासा: एका दिशेने ०.४ ते ०.६ च्या आसपास, उलट दिशेने काही नाही, असं हवं. दोन्हीकडे बीप वाजला की तो गेला. आणि मॉसफेट गेला तर थेट नवा लावून लाइट देऊ नका. मी दिली होती. त्याला चालवणारी आयसीही गेली होती, ती तपासायची बुद्धी झाली नाही, आणि तीन नवे मॉसफेट एका सेकंदात धारातीर्थी पडले. लाइनमध्ये बल्ब घालून तपासायचा सिरीज बोर्ड बाजूच्या खोलीतच पडून होता.

म्हणून लाइट देताना ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून होऊनच पंख्यात जाईल असा, लावा (एलईडी चालत नाही). क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

मोटरची चाचणी मीटरशिवायही होते. तिन्ही वायरी मोकळ्या ठेवून रोटर हाताने फिरवा, सहज फिरायला हवा. मग तिन्हींची टोकं एकत्र जुळवून फिरवा, ब्रेक लागल्यासारखा जड व्हायला हवा. मोकळ्या असतानाच जड असेल तर बहुधा वाइंडिंग शॉर्ट, आणि तेव्हा त्या माणसाचे एकोणीसशे कदाचित बरोबर. माझ्या हातून गेलेल्या पंख्यांत असा एकच निघाला.

कंट्रोलर गेला किंवा आयसीचे नंबर घासून टाकलेले निघाले तर झटापट करू नका. कोणत्याही पंख्याला चालणारे म्हणून बोर्ड विकायला असतात, पण ते प्रत्येक मोटरशी जुळत नाहीत. दुकानदार परत घेणार असेल तरच घ्या.

तुम्ही विचारलेल्या हॉलमधल्या जुन्या, हळू फिरणाऱ्या साध्या पंख्यातही दोष बहुधा कंडेन्सरचाच. २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल, वर छापलेला आकडा बघून तेवढाच घाला.

आणि हो, बीएलडीसी बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढला होता का? नसेल तर तो आधी काढून लाइन सरळ करा, नाहीतर नवे कंडेन्सरही त्याच वाटेने जातील. २४ व्होल्टच्या बाजूचा ओहमचा आकडा काय आला ते लिहा, आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका. रविवारी निवांत बघतो.