काउंटरला उभी राहण्याआधी

सदाशिव पेठ, पुणे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

डी. फार्म. झालं आणि सोमवारपासून कर्वे रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये लागतेस, हे बाबांकडून कळलं. समोर भेटून बोलायचं होतं, पण मनातलं नीट सांगता यावं म्हणून लिहितोय.

काही वर्षांपूर्वी ऐन संध्याकाळच्या गर्दीत एक आजोबा माझ्या औषधाच्या दुकानात आले. ‘तोंड आलंय, काहीतरी लावायला द्या.’ आमचा कामावरचा मुलगा जेलची ट्यूब काढायला वळलासुद्धा. आजोबांना शब्द उच्चारताना त्रास होत होता, ओठांच्या कडा सोलून निघाल्या होत्या. मी विचारलं, ‘आणखी कुठली औषधं चालू आहेत?’ त्यांनी कापडी पिशवीतून आमच्याच दुकानाचं पाकीट काढलं. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा आणि फॉलिक ॲसिड इतर दिवशी, अशी चिठ्ठी होती. दोन्ही गोळ्या बारीक, दोन्ही पिवळ्या. आजोबांची अदलाबदल झाली होती. मेथोट्रेक्सेटच्या दहाच्या पट्टीत एकच गोळी उरली होती. दहा दिवसांत नऊ गोळ्या.

चिठ्ठी बरोबर होती, बिल बरोबर होतं. पाकिटावर मात्र आमच्या हातचं एक अक्षर नव्हतं, आणि देताना कुणी तोंडानंही सांगितलं नव्हतं. ही चूक माझ्या दुकानाची, म्हणजे माझी.

मेथोट्रेक्सेट पेशींना फोलेट, म्हणजे नव्या पेशी बनवायला लागणारं जीवनसत्त्व, वापरू देत नाही. ज्या पेशी भराभर नव्या होतात त्यांना फटका आधी बसतो: तोंडाचं अस्तर, आतडी, हाडांतली मज्जा, जिथं रक्त बनतं. म्हणून तोंड येणं ही साधी तक्रार नव्हती, आत रक्त बनणं थांबत चालल्याची खूण होती. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि रिक्षा करून त्यांना घेऊन गेलो. पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. मेथोट्रेक्सेटवर उतारा म्हणून फॉलिनिक ॲसिडची इंजेक्शनं सुरू झाली आणि आजोबा वाचले. जेलची ट्यूब देऊन घरी पाठवलं असतं तर, हा विचार आजही रात्री मला उठवतो.

तेव्हापासून मी त्या पट्टीवर जाड मार्करनं वार लिहितो: ‘फक्त सोमवार’. आणि ‘कळलं ना?’ असं कुणालाही विचारत नाही. आपल्याकडे मोठी माणसं भिडेखातर ‘हो हो’ म्हणतात. त्यापेक्षा म्हण, ‘आजी, ही गोळी कधी घेणार ते मला सांगा बरं.’ त्या जे सांगतील त्यावरून त्यांना काय समजलंय ते कळेल. कोथरूडात कितीतरी आजी-आजोबा एकटे राहतात, मुलं परदेशात. पट्टीवरची बारीक अक्षरं त्यांना वाचून दाखवणारं घरात कुणी नसतं.

लहान मुलांच्या तापाच्या औषधात जास्त जप. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये पाच मिलीत १२५ किंवा २५०. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम लागतं. आईनं ड्रॉप्सच ‘एक चमचा’ म्हणून पाच मिली पाजले, तर ५०० गेलं. असे डोस पुन्हा पुन्हा गेले, तर दोन दिवसांत यकृत धोक्यात येऊ शकतं. म्हणून बाटली देताना ड्रॉपर हातात धरून रेघ दाखव, आणि घरातला चमचा वापरू नका असं सांग.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडच्या बऱ्याच कुप्या एका मिलीत ४० युनिटच्या आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची, इन्सुलिनच्या पेनात बसणारी काडतुसं मिलीला १०० ची. पेन बिघडलं म्हणून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. साखर उतरून माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. सिरिंज मागणाऱ्याला ‘कुठल्या इन्सुलिनसाठी?’ हे विचारल्याशिवाय देऊ नकोस.

अक्षर लागलं नाही, ०.५ आहे की ५ अशी शंका आली, तर डॉक्टरांना फोन कर. कधी रिसेप्शनवरून तुटक उत्तर मिळेल, मागची रांग कुरकुरेल, मालकही डोळे वटारतील. तरीही कर. अंदाजानं दिलेलं औषध परत मागता येत नाही.

रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं आहे. येऊन जा. आजोबांचं ते पाकीट मी जपून ठेवलंय, तुला दाखवायचंय.

तुझा,
काका